वेताळ प्रत्येक कथेत खलनायकच का?

भयकथांचा संग्रह सलग वाचला की भीती बोथट होते, असं काही वाचक म्हणतात, ते एकदम मान्य. मी रात्री एकच कथा वाचून पुस्तक मिटतो. पण 'कोकणातली भयकथा हमखास घाबरवते' हे त्यांचं म्हणणं काही पटत नाही. बऱ्याच संग्रहांत कोकण म्हणजे पडका वाडा, विहीर, कंदील आणि 'रातचा थंय जाव नकात' म्हणणारा म्हातारा गडी. दुसऱ्या पानावरच पुढचं सगळं कळतं. उलट रत्नाकर मतकरींची गूढकथा शहरातल्या ब्लॉकमध्येही अंगावर येते, कारण तिथलं भूत माणसाच्या मनातच दबा धरून असतं.

आणखी एक. या कथांत वेताळ आला की तो भुतांचा राजा, म्हणजे वाईटच. आमच्या वेंगुर्ल्याकडे आरवलीला जाऊन बघा. तिथला वेतोबा, म्हणजे वेताळच, ग्रामदैवत आहे. नवस फेडायला केळ्यांचा घड आणि चामड्याच्या चपला वाहतात. चपला तरी केवढ्या, माणसाच्या पायाला कधीच न होणाऱ्या! देव रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्या झिजतात, अशी श्रद्धा. तळ झिजलेली ती चप्पल जवळून पाहिली की जे वाटतं, ते मला अजून एकाही कथेत सापडलेलं नाही. भीती असतेच, पण आपल्या माणसाची असावी तशी, थोडी धाकाची. असा राखणदार वेताळ कुणी कथेत नीट उभा केला असेल तर नाव सांगा, पावसाळ्यात वाचायला घेतो.