मदत हवी आहे: सोलापूरचं घर आणि कारखाना पुण्यातून जोडायला स्वतःच्या सर्व्हरवरचं मेश व्हीपीएन. हेडस्केल, नेटबर्ड की नेब्युला?

नमस्कार मंडळी,

सोमवार ते शुक्रवार मी पुण्यात असतो. घर जुळे सोलापूरला, बाबांचा टॉवेलचा कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत. घरी मिनी पीसी आहे, त्यावर इमिच (सगळ्या घराचे फोटो), जेलीफिन (सिनेमे-गाणी) आणि होम असिस्टंट (घरातली स्मार्ट उपकरणं). कारखान्यात कॅमेऱ्यांचा एनव्हीआर (रेकॉर्डर) आणि एक बिनपंख्याचा छोटा पीसी. बिनपंख्याचा अशासाठी, की आधीच्या पीसीच्या पंख्यात सुताचा रुवा जाऊन तो दोनदा तापून बंद पडला.

दोन्हीकडचं ब्रॉडबँड सीजीनॅटच्या मागे आहे, म्हणजे कंपनी अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता देते. राउटरवर वॅन आयपी १००.७२ ने सुरू होणारा दिसतो आणि ब्राउझरमध्ये पाहिलं तर भलताच. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंगचा विषय संपला. स्टॅटिक आयपीचे जादा पैसे दोन्हीकडे दरमहा भरणं परवडत नाही.

सध्या मुंबईतल्या डेटा सेंटरमधल्या १ जीबी रॅमच्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) साधं वायरगार्ड चालवतो, म्हणजे सगळी मशीन त्या सर्व्हरमार्फत जोडणारं खासगी जाळं. मे महिन्यात वळवाच्या पावसात कारखान्याची वीज गेली. वीज आल्यावर पीसी चालू झाला, दिवे लागलेत असं बाबांनी सांगितलं, पण मला काही केल्या पोचता येईना. मागांच्या खडखडाटात बाबांना फोन ऐकू येत नाही. ते बाहेर येऊन बोलणार, तर स्क्रीन आत. शेवटी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलो. कॉन्फिगमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्हची (ठरावीक वेळानं आपणहून सर्व्हरला हाक मारत राहण्याची) ओळच नव्हती! नॅटमागचं मशीन स्वतःहून बोललं नाही तर व्हीपीएसला त्याचा पत्ता कळणार कसा? बॅकअप सतत व्हीपीएसकडे जात असायचा म्हणून इतके दिवस निभावलं होतं, आणि तो बॅकअप मी महिन्याभरापूर्वी बंद केला होता. २५ सेकंदांची ती एक ओळ टाकली आणि लगेच हँडशेक झाला, म्हणजे दोघांची जोडणी जुळली.

तरी मेशकडे जायचंय, म्हणजे जिथे मशीन शक्यतो एकमेकांशी थेट बोलतात. घरातून कारखान्याचा कॅमेरा बघायचा तर व्हिडिओ मुंबईला जाऊन परत सोलापुरात येतो. आई, भाऊ, वहिनी यांचे फोन जोडायचे तर दर वेळी दोन्हीकडे किल्ल्या लिहीत बसा.

अट एकच, आणि ती माझ्यासाठी सगळ्यात मोठी आहे: मी तिथे नसताना वीज जाऊन आली तरी सगळं आपोआप उभं राहिलं पाहिजे. आणि आईला इमिच उघडण्याआधी काही दाबावं लागू नये. वेग थोडा कमी चालेल.

या हिशेबानं काय घ्यावं?

प्रतिसाद १

तुमच्या १ जीबीत हेडस्केल आरामात बसेल. टेलस्केल या तयार मेश व्हीपीएनच्या नियंत्रण सर्व्हरची ही मुक्त स्रोत आवृत्ती, एकच प्रोग्राम आणि एसक्यूलाइट डेटाबेसची फाइल. फोनवर टेलस्केलचंच ॲप चालतं, फक्त खातं जोडताना आपल्या सर्व्हरचा पत्ता द्यायचा. नेटबर्डचा डॅशबोर्ड फार सुरेख आहे, पण स्वतः चालवायचं तर ते २ जीबी मागतात. मॅनेजमेंट, सिग्नल, रिले, लॉगिन असे त्याचे भागही जास्त.

हेडस्केल व्हीपीएसवरच ठेवा, घरच्या पीसीवर नको. तो फक्त किल्ल्या आणि पत्ते वाटतो, फोटो-व्हिडिओ त्यातून जात नाहीत. मशीन एकमेकांना थेट भेटली नाहीत तरच रिले (मधला सर्व्हर, ज्यातून सगळं जातं) लागतो. हेडस्केलमध्ये डर्प रिले अंगचाच आहे, तो चालू करा. त्याला स्वतःचं डोमेन, टीसीपी ४४३ आणि यूडीपी ३४७८ लागेल.

आधी दोन्हीकडे टेलस्केलची नेटचेक कमांड चालवून बघा. 'मॅपिंग व्हेरीज बाय डेस्ट आयपी' समोर काय येतं ते सांगा.

धागाकर्ता

घरी फॉल्स, आणि आयपीव्ही६ पण मिळतंय. कारखान्यात ट्रू, आयपीव्ही६ नाही.

प्रतिसाद १

म्हणजे घराचं नॅट सोपं, कारखान्याचं अवघड. तुमचा फोन मोबाइल डेटावर असेल तेव्हा त्याचंही नॅट बहुधा अवघडच असणार. दोन्ही टोकं अशी असली की जवळजवळ नक्की रिलेवरून जाणार, म्हणून कॅमेरे बाहेरून बघताना सबस्ट्रीम (कमी दर्जाचा, हलका व्हिडिओ) लावा. घरचं मात्र आयपीव्ही६ वरून थेट जमायला हरकत नाही.

प्रतिसाद २

मी तीन ठिकाणी नेब्युला वापरतो, म्हणून सांगतो. लॉगिन नाही, डेटाबेस नाही. प्रत्येक मशीनकडे प्रमाणपत्र, आणि व्हीपीएसवर लाइटहाउस, जो मशीनना एकमेकांचे पत्ते सांगतो. वीज गेल्या-आल्याचं त्याला काहीच वाटत नाही. पण मुदत न सांगता सीए (प्रमाणपत्रांवर सही करणारं मूळ प्रमाणपत्र) बनवला तर तो एकाच वर्षाचा बनतो, आणि त्याच्या सहीची प्रमाणपत्रंही त्याच्यासोबतच संपतात. माझी तिन्ही ठिकाणं एकाच सकाळी गेली. दूरच्या मशीनवर नवं प्रमाणपत्र ठेवायला रस्ता तोच होता, आणि तोच बंद! सीए करताना ड्युरेशन वाढवून घ्या आणि तारीख कॅलेंडरवर लिहा. शिवाय नव्या फोनचं प्रमाणपत्र दर वेळी तुम्हालाच हातानं करून द्यावं लागेल. वहिनींनी फोन बदलला की तुम्ही आलातच. तुमच्या घरासाठी मीही हेडस्केलच म्हणेन.

प्रतिसाद ३

घर, कारखाना आणि पुण्याचा फ्लॅट, तिन्हीकडे १९२.१६८.१ तर नाही ना? एनव्हीआरवर ॲप टाकता येणार नाही, तिथला पीसी सबनेट राउटर (तिथल्या बाकी उपकरणांपर्यंतचा रस्ता) करावा लागेल, आणि दोन्हीकडे पत्त्यांचा तोच पट्टा असला की फोनला एनव्हीआर नेमका कुठे शोधायचा ते कळत नाही. आधी पट्टे वेगळे करा. मग पीसीवर आयपी फॉरवर्डिंग, रूट जाहीर करणं, आणि तो सर्व्हरवर मंजूर करणं. ही मंजुरी बरेच जण विसरतात. लिनक्स मशीनवर ॲक्सेप्ट रूट्स वेगळं द्यावं लागतं, अँड्रॉइडला नाही.

आणि जुनं वायरगार्ड काढू नका! कीपअलाइव्ह आता आहेच. मेश बिघडलं तर आत शिरायला मागचं दार हवं.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शनिवार-रविवार घालवून हेडस्केल उभं केलं. तिन्हीकडे खरोखरच १९२.१६८.१ होतं. घर १९२.१६८.४१ केलं, कारखाना १९२.१६८.४२. जुनं वायरगार्ड दोन्ही पीसीवर तसंच ठेवलंय.

दोन्ही पीसींच्या बायोसमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' चालू केलं. कारखान्यातल्या पीसीवर ते बंदच होतं. मे महिन्यात तो चालू झाला, तो बाबांनी बटण दाबलं म्हणून! आईच्या फोनवर ऑलवेज ऑन व्हीपीएन लावलं आणि ॲपला बॅटरीच्या बंधनातून सोडवलं. नाहीतर रात्रीत फोन ते मारून टाकत होता.

परवा पुण्यातून बाबांना म्हटलं, माग बंद झाले की मेन स्विच पाडा, पाच मिनिटांनी वर करा. आधी राउटर आला, मग पीसी, आणि चौथ्या मिनिटाला माझ्या स्क्रीनवर गेटचा कॅमेरा दिसला. बाबा कॅमेऱ्यात बघून हात करत होते.

कॅमेरे अजून रिलेवरूनच येतात. कारखान्याच्या लाइनवर आयपीव्ही६ मिळावं म्हणून अर्ज दिलाय. मिळालं की इथेच कळवतो.