मदत हवी आहे : वॉरंटीतल्या छोट्या टेम्पोचा गिअरबॉक्स, ग्राहक आयोगात जावं का?

तासगावहून सांगली मार्केटला द्राक्षं-भाजी नेण्यासाठी चौदा महिन्यांपूर्वी छोटा टेम्पो घेतला, किंमत सात लाखांच्या आत. चढाला भरलेली गाडी घेतली की तिसरा गिअर आपोआप सुटतो, दांडी हाताने दाबून धरावी लागते. चार वेळा शोरूमला गाडी लावली, एकदा गिअरबॉक्स उतरवला. पण जॉब कार्डवर दर वेळी 'जनरल चेकअप' एवढंच! शेवटच्या वेळी मी हट्टाने तक्रार लिहून घेतली, तीच एक प्रत कामाची आहे. आता म्हणतात, ओव्हरलोडमुळे होतंय, वॉरंटीत बसत नाही. वजनकाट्याच्या पावत्या आहेत, माल पासिंगच्या (आरटीओने मंजूर केलेल्या वजनाच्या) आतच असतो. सर्व्हिसिंग सगळं वेळेवर, तिथेच.

कंपनीला ईमेल केला, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली, उत्तर तेच. वकिलाची नोटीस अजून दिलेली नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, फी दोनशे रुपये, इथवर माहीत आहे. हप्ते चालू असल्याने गाडी उभी ठेवणं परवडत नाही.

अडलंय ते असं. गाडी माझ्या नावावर, चालवतो मीच, ड्रायव्हर नाही, दुसरी गाडी नाही. तरी 'व्यावसायिक वापर आहे, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही' म्हणून कंपनीवाले तक्रार उडवतील, तर गाडी स्वतःच्या पोटापाण्यासाठी, म्हणजे स्वयंरोजगारासाठी आहे हे दाखवायला कोणते कागद चालतात? आणि दोष उत्पादनातलाच आहे हे ठरवायला तपासणी अहवाल मी आधीच स्वखर्चाने घ्यावा, की आयोगाकडे अर्ज करून मागावा? सांगली-साताऱ्यात कुणी प्रत्यक्ष करून घेतलाय का, आणि कुणाकडून?