क्लॉडेट कॉल्विनला मागे ठेवलं ती रणनीती होती, की स्वतःच्याच माणसांनी केलेला अन्याय?

रानजाई :

२ मार्च १९५५. अमेरिकेच्या अलाबामा राज्यातलं माँटगमरी शहर. पंधरा वर्षांची क्लॉडेट कॉल्विन शाळेतून बसने घरी चालली होती. गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोड, असं सांगितल्यावर ती उठली नाही. मी भाडं भरलंय, इथे बसणं हा माझा घटनेने दिलेला हक्क आहे, असं ओरडत राहिली. पोलिसांनी तिला ओढून उतरवलं, बेड्या घातल्या आणि मोठ्यांच्या तुरुंगात डांबलं. शाळेत नुकताच काळ्यांचा इतिहास शिकवून झाला होता. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या दोन काळ्या बाया, एका खांद्यावर हॅरिएट टबमन आणि दुसऱ्या खांद्यावर सोजर्नर ट्रूथ, हात ठेवून आपल्याला खाली दाबून धरताहेत असं वाटत होतं, असं तिने पुढे अनेकदा सांगितलं.

नऊ महिन्यांनी, १ डिसेंबरला, रोझा पार्क्स त्याच शहरात बसमधून उठल्या नाहीत. त्यावर काळ्यांचा बसवरचा बहिष्कार उभा राहिला, वर्षाहून जास्त चालला, आणि पार्क्स जगाला माहीत झाल्या. क्लॉडेट माहीत झाली नाही.

चळवळीच्या पुढाऱ्यांना चेहरा म्हणून ती का नको होती? वय लहान, स्वभाव तापट, राहणं गरीब वस्तीत, रंग जास्त काळा. त्यातच त्या उन्हाळ्यात ती लग्नाशिवाय गरोदर राहिली. पार्क्स बेचाळीस वर्षांच्या, विवाहित, शिवणकाम करणाऱ्या, शांतपणे बोलणाऱ्या, चर्चला जाणाऱ्या.

गोऱ्यांची वर्तमानपत्रं मुलीच्या चिंधड्या करतील म्हणून पुढाऱ्यांनी असं केलं, हे स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. काळी बाई मुळातच चारित्र्यहीन, हा आरोप गुलामगिरीपासूनचा. मालकाने केलेला बलात्कार त्याच आरोपाखाली झाकला जायचा. त्या आरोपाला उत्तर म्हणून डाग नसलेली बाई शोधायची, म्हणजे आरोप करणाऱ्याची फूटपट्टी आपण हातात घ्यायची. मग तिने पहिली कुणाला मोजायची? स्वतःच्याच गल्लीतल्या पोरीला. मला हा अन्याय वाटतो, आणि 'चळवळीसाठी करावं लागलं' म्हणून तो पुसला जात नाही.

काळा_कोट :

कायद्याची बाजू तुम्ही पूर्ण सोडलीत. क्लॉडेटवर तीन आरोप होते : बसमध्ये गोऱ्या-काळ्यांना वेगळं बसवणारा विभाजनाचा कायदा मोडला, शांततेचा भंग केला, पोलिसावर हल्ला केला. बाल न्यायालयाने तिन्हींत दोषी ठरवलं. मे महिन्यात अपिलात पहिले दोन रद्द झाले आणि हल्ल्याचा तेवढा शिल्लक ठेवला. म्हणजे ज्या कायद्याला आव्हान द्यायचं, तोच खटल्यातून निघून गेला. आता या खटल्यावर वरच्या कोर्टात लढायचं कशाच्या जोरावर? पोलिसाला मारलं की नाही याच्या?

माँटगमरीतल्या काळ्यांचा पुढारी ई. डी. निक्सन हा रेल्वेच्या झोपण्याच्या डब्यांत पोर्टरचं काम केलेला माणूस, कामगार संघटनेतून वर आलेला. हरलेला खटला किती वर्षं मागे नेतो हे त्याला कळत होतं. खात्रीने जिंकता येईल असं प्रकरण हवं, ही त्याची अट मला अजिबात वावगी वाटत नाही. अशिलाचं भलं आणि कामाचं भलं यात फरक असतो, आणि तो निर्णय कुणालातरी घ्यावा लागतो.

माईआजी :

मी दोन मुली वाढवल्या, त्या नजरेने वाचलं. पंधरा वर्षांची पोर, पोटात मूल. ३० जानेवारी १९५६ ला बहिष्काराचा नेता मार्टिन ल्यूथर किंगच्या घरावर बाँब पडला, तेव्हा घरात त्याची बायको आणि तान्ही मुलगी होती. दोन दिवसांनी निक्सनच्या घरी तेच. अशा गावात तुमच्या लेकीचा फोटो तुम्ही पहिल्या पानावर छापू द्याल का? प्रत्येक वेळी मागे ठेवणं म्हणजे तुच्छ लेखणं नसतं. मोठ्यांनी पोराला पाठीशी घातलं, असंही त्याकडे बघता येतं.

रानजाई :

माईआजी, तुमची काळजी खरी आहे, पण तारखा बघा. १ फेब्रुवारी १९५६ ला, म्हणजे तुम्ही सांगता त्या बाँबच्या दोन दिवसांनी, फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने संघराज्याच्या न्यायालयात ब्राउडर विरुद्ध गेल हा दावा दाखल केला. त्यात क्लॉडेट वादी होती. तेव्हा तिचे दिवस भरत आले होते, मार्चमध्ये ती बाळंत झाली. मे महिन्यात साक्षीला उभी राहिली. पाठीशी घालायचं होतं तर या दाव्यातून वगळायला हवं होतं.

काळा_कोट, हे तुमच्यासाठीही. बसमधलं विभाजन संपलं ते याच दाव्याने. १३ नोव्हेंबर १९५६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल कायम केला. पार्क्स या दाव्यात नव्हत्या, त्यांचा फौजदारी खटला राज्याच्या कोर्टात होता आणि गुंतागुंत नको होती. वादी चौघी : ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनाल्ड, मेरी लुईस स्मिथ आणि क्लॉडेट. पाचव्या बाईने दबावाखाली नाव काढून घेतलं. पुरुष एकही नाही. कोर्टात मुलगी चालली, व्यासपीठावर चालली नाही. धोका तिचा, मान दुसऱ्याचा, हे मला सलतं.

काळा_कोट :

कोर्टात शपथेवरची हकीकत चालते. रोज मैलोन् मैल पायी कामाला जाणाऱ्या हजारो लोकांना एकत्र ठेवायला मात्र असं माणूस लागतं, ज्याच्याबद्दल चर्चमधल्या म्हातारीपासून कॉलेजच्या प्राध्यापिकेपर्यंत कुणाचं दुमत नाही. ही दोन वेगळी कामं आहेत. निक्सनने समाज बदलल्यावरच लढा सुरू करायचा होता का?

वैनगंगा :

मी देसाईगंजच्या बाजूची, म्हणून लिहिते. १९७२ साली तिथल्या पोलीस ठाण्यात मथुरेवर पोलिसांनी बलात्कार केला. आदिवासी, अनाथ, मजुरी करणारी, प्रियकराबरोबर निघून गेलेली मुलगी. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परत सोडलं. अंगावर जखमा नाहीत म्हणजे तिचा विरोध नव्हता, असा तर्क. 'चांगल्या घरची' कुणी सापडेपर्यंत थांबू, असं कुणी म्हटलं असतं तर ते प्रकरण तिथेच संपलं असतं. पण १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. १९८० मध्ये मुंबईत बाया संघटित झाल्या, मोर्चे निघाले, १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराची वेगळी तरतूद आली, आणि अशा खटल्यात बाईने संमती नव्हती म्हटलं तर न्यायालयाने ते धरून चालायचं, हे आलं.

म्हणून 'लोक मागे येणार नाहीत' हे मी सहज मानत नाही. लोक येतात. पुढारी आधीच ठरवून टाकतात की येणार नाहीत.

शाईचा_डाग :

वैनगंगाताई, मथुरेला त्यातून काय मिळालं? तिच्या खटल्याचा निकाल बदलला नाही. कायदा तिच्यामुळे बदलला, ती मोलमजुरीच करत राहिली. क्लॉडेटला झाकून ठेवलं, मथुरेचं नाव झेंड्यावर लावलं, आणि 'तुला काय हवंय' हे दोघींनाही कुणी नीट विचारलं नाही. तुम्ही आणि धागालेखिका दोघीही व्यासपीठ मिळणं हाच न्याय धरून चालला आहात. मला ते पटत नाही.

वैनगंगा :

हे मान्य आहे आणि टोचतंही. तरी आज ठाण्यात नेलेल्या बाईच्या बाजूने बोलताना वकील जे कलम दाखवतो, ते मथुरेमुळे आहे. झाकून ठेवलं असतं तर तेही नसतं.

उंबरठा :

रोझा पार्क्स यांच्यावरही या धाग्यात अन्याय होतोय. दमलेली, सोज्वळ शिवणकाम करणारी बाई, हे चित्र सोयीसाठी काढलेलं आहे. १९४३ पासून त्या एनएएसीपी या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या माँटगमरी शाखेच्या चिटणीस होत्या. १९४४ मध्ये ॲबव्हिल गावात रेसी टेलर या काळ्या बाईवर गोऱ्या पुरुषांच्या टोळीने बलात्कार केला, त्याचा तपास करायला शाखेने पार्क्सना पाठवलं होतं. क्लॉडेटच्या खटल्यासाठी पैसे गोळा करणाऱ्यांत त्या होत्या, आणि संघटनेच्या युवा शाखेत क्लॉडेट त्यांच्याकडेच यायची. बहिष्कारानंतर नोकरी गेली, धमक्या आल्या, १९५७ मध्ये गाव सोडून डेट्रॉइटला जावं लागलं. व्यासपीठावर बसवून त्यांनाही गप्पच केलं. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चात पार्क्सना मुख्य भाषण मिळालं नाही, कुठल्याच बाईला मिळालं नाही.

बहिष्काराची पत्रकं एका रात्रीत हजारोंनी छापली जो ॲन रॉबिन्सन या कॉलेजातल्या प्राध्यापिकेने. महापौरांना बहिष्काराचा इशारा देणारं पत्र त्यांनी मे १९५४ मध्येच लिहिलं होतं. खरा झगडा क्लॉडेट की रोझा असा नाही. बायांनी काम करायचं आणि कुठली बाई दिसायची ते पुरुषांनी ठरवायचं, हा आहे.

मु_पो_कराड :

सत्तर वर्षांपूर्वीच्या माणसांना आजची मापं लावू नयेत. तेव्हा लग्नाशिवायचं मूल म्हणजे सगळीकडे कलंकच होता.

उंबरठा :

१८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी अशाच विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत पुढे दत्तक घेतला. कलंक तेव्हाही होता. काहींनी तो मानला नाही.

रानजाई :

उंबरठा, तुमचा मुद्दा माझ्यापेक्षा पुढचा आहे, पण 'क्लॉडेट की रोझा असा झगडा नाही' इथे मी थांबते. पुरुषांनी ठरवलं हे खरं, तरी वस्तीतल्या बायांनीही क्लॉडेटला टाळलं. तिच्या सावळ्या रंगाबद्दल, केसांबद्दल बोलणारे फक्त पुरुषच होते असं नाही. आपल्याकडे स्थळ बघताना रंगाची चौकशी आधी कोण करतं, हे आपल्याला ठाऊक आहे. बायांमधली ही उतरंड बाजूला ठेवून बोललं तर क्लॉडेटची गोष्ट अर्धीच राहते.

काळा_कोट, गरोदरपणाचं कारण तुम्ही दिलेलं नाही, बाकी सगळे देतात, म्हणून क्रम नोंदवते. मार्चमध्ये तिला बाजूला सारलं, तेव्हा ती गरोदर नव्हती. ऑक्टोबरमध्ये अठरा वर्षांच्या मेरी लुईस स्मिथला अटक झाली, तिलाही पुढाऱ्यांनी बाजूलाच ठेवलं. बाप दारुडा असल्याची कुजबुज होती, तिने ती खोटी असल्याचं सांगितलं. अपिलातला तांत्रिक अडथळा स्मिथच्या बाबतीत तुम्ही कुठे दाखवाल?

क्लॉडेट १९५८ मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि वृद्धांच्या शुश्रूषागृहात मदतनीस म्हणून निवृत्तीपर्यंत राबली. पोलिसावरच्या हल्ल्याची ती नोंद माँटगमरीच्या न्यायालयाने पुसली २०२१ मध्ये. अर्ज तिने स्वतः केला होता, वयाच्या ८२ व्या वर्षी.

काळा_कोट :

स्मिथच्या बाबतीत उत्तर नाही. निक्सनबद्दल मत तेच आहे.