हार्ड डिस्क टिकटिक करतेय आणि फॉरमॅट मागतेय, काय करू?

सोऱ्या_हरवलाय:
मंडळी, मदत हवीये. १ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क, सहा वर्षं जुनी. परवा मोबाईलमधले फोटो तिच्यात टाकत होते आणि मधेच लाइट गेले (पीसीला यूपीएस नाही, हो माहितीये, बोलून घ्या). तेव्हापासून लावली की दिवा लुकलुकतो, आतून टिक.. टिक.. असा आवाज येतो, मग कधी दिसतच नाही तर कधी दिसते आणि विंडोज म्हणतं आधी फॉरमॅट करा. लेकाच्या बारशापासूनचं सगळं त्यात आहे आणि दुसरी कॉपी नाही. नवरा म्हणतो दुकानात देऊन टाक.

घाईत_आहे:
फॉरमॅट मारा आणि मग रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवा, माझं ८०% परत आलं होतं.

जुना_वायरमन:
घाईतभाऊ, तुमचं नशीब, सल्ला नव्हे. ताई, फॉरमॅटला नाही म्हणा. विंडोजचं चेकडिस्कपण नको, ते दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवरच लिहीत बसतं आणि डोकं टेकलेल्या डिस्कला तेवढंच निमित्त पुरतं. डीप फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणारा अजून कोणी आला नाही, येईलच, त्याचंही ऐकू नका, आत दव धरतं.

आधी सांगा, पीसीच्या पुढच्या पोर्टला लावता का? ही डिस्क वेगळा अ‍ॅडाप्टर न घेता यूएसबीवरच चालते. जुना २.० पोर्ट ५०० मिलीअँपियर देतो, ३.० वाला ९००. त्यात पुढच्या पोर्टची वायर कॅबिनेटमधून फिरून येते, वर केबल म्हातारी, मग आतली तबकडी फिरायला लागते, ताकद पुरत नाही, परत थांबते, तोच टिकटिक. मागे मदरबोर्डवरच्या निळ्या, म्हणजे ३.० वाल्या पोर्टला दुसऱ्या केबलने लावून बघा, हब नको. तरीही तसाच आवाज आला तर लगेच काढा आणि परत लावून बघायचा मोह आवरा, कारण मग हेड, म्हणजे तबकडीवरचं वाचणारं टोक, गेलंय आणि ते घरी होणारं काम नाही.

सोऱ्या_हरवलाय:
पुढच्याच पोर्टला लावत होते!! केबल मिळायला दोन दिवस गेले, ती चपटी रुंद तोंडाची लागते, मोबाईलची चालत नाही. आत्ता मागे लावली आणि उघडली!!! टिकटिक बंद. पण क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर) पिवळं 'कॉशन' दाखवतंय, सी५ पुढे काहीतरी आकडा आहे. आता चेकडिस्क करू का?

जुना_वायरमन:
नाही हो! सी५ म्हणजे वाचता न आलेले सेक्टर, डिस्कवरचे छोटे कप्पे, ते बरे होतील या आशेवर राहू नका. आधी फोटो बाहेर काढा, तेही सगळी डिस्क एकदम सिलेक्ट करून नाही. सगळ्यात जीव अडकलाय तो फोल्डर पहिला, सिनेमे शेवटी. एखाद्या फाइलवर अडकली तर स्किप करून पुढे जा, तिथेच रिट्राय दाबत बसू नका.

मॅकवाली_मावशी:
घरात मॅक असेल तर तिथे लाव गं, विंडोजची एनटीएफएस डिस्क तो वाचतो पण तिच्यावर लिहीत नाही, एरवी या गोष्टीचा वैताग येतो, आज उपयोग होईल.

सोऱ्या_हरवलाय:
मॅक नाही मावशी, पीसीवरच केलं. रात्री अकरा ते पहाटे चार जागी होते. बारसं, उष्टावण, आईबाबांची कोकण ट्रिप सगळं आलं. पहिल्या वाढदिवसाचा व्हिडिओ मात्र ६२ टक्क्यांवर अडकतोय.

जुना_वायरमन:
त्याला हात लावू नका आज. सगळं निघालं की डीडीरेस्क्यूने बघू, लिनक्सवर चालणारा, खराब डिस्कमधून डेटा काढायचा प्रोग्रॅम आहे, तो आधी धड भाग उचलतो आणि खराब जागी नंतर परत येतो. लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवावा लागेल, जमेल का?

सोऱ्या_हरवलाय:
शिकवा, जमवते. नवीन डिस्क सांगितलीये, आणि यूपीएसपण. नवऱ्याला म्हटलं दुकानात नको.