प्रति: दुभाजक ०.३ वर ठेवला तरी डाव्या कडेलाच चिकटतो

भाऊ, गडबड आकड्याची नाही, वेळेची आहे. जावाच्या स्विंग लायब्ररीतल्या जेस्प्लिटपेनला (मधल्या सरकत्या दुभाजकाने खिडकीचे दोन भाग करणारा घटक) ०.३ असं प्रमाण दिलं की तो त्या क्षणीच्या रुंदीला गुणतो. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे खिडकी अजून तयार होत असताना, रुंदीच शून्य, मग दुभाजक कुठे जाणार? खिडकी दिसल्यावर दुभाजकाची जागा ठरवणारी सेटडिव्हायडरलोकेशन मेथड बोलवा, नाहीतर सरळ पिक्सेल द्या.

वर एकांनी 'दोन्ही पॅनलची किमान रुंदी शून्य करून टाका' म्हटलंय, ते मला पटत नाही. आम्ही इथे नागपूरच्या कळमना मार्केटच्या अडत्यांसाठी सॉफ्टवेअर करतो; डावीकडे संत्र्याच्या लॉटची यादी, उजवीकडे शेतकऱ्याची पट्टी (विक्रीच्या हिशेबाची पावती). ऐन गर्दीत मुनीमजींच्या हातून दुभाजक सरकून यादी गायब झाली, की फोन आलाच समजा! लॉट नंबर आणि वजन दिसेल एवढी रुंदी राखाच. उलट, लेबलांनी भरलेलं पॅनल स्वतःची किमान रुंदी फुगवून बसतं आणि दुभाजक हलूच देत नाही; तिथे सेटमिनिममसाइज हाताने द्या.

जादा जागा कुणाला किती द्यायची ते ठरवणारं रिसाइझवेट मुळात ० असतं, म्हणजे खिडकी वाढवली की जादा जागा सगळी उजवीकडे. आमच्या पट्टीला तेच हवं. तुमचं मुख्य पॅनल डावीकडे असेल तर १ करा.