कोरडी गेलेली बोअर, स्वीडनचा हीट पंप आणि कळंब्यातलं घर

कळंबेकर_सर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूला घर बांधायला काढलंय, जोत्यापर्यंत काम आलंय. प्लॉटवर तीनशे फूट बोअर मारली, नुसता फुफाटा निघाला. गाडीवाला पैसे घेऊन गेला आणि भोक आमच्या वाट्याला राहिलं.

धाकटी मुलगी स्वीडनला, गोथेनबर्गजवळ असते. तिच्या घरामागं अशीच एक बोअर आहे, पण पाण्यासाठी नव्हे. त्यातून जमिनीतली उष्णता काढून घर तापवतात. बाहेर बर्फ आणि जावईबापू घरात बनियनवर! व्हिडिओ कॉलवर त्यांनी ते यंत्र, म्हणजे हीट पंप, दाखवलं, फ्रीजएवढं पांढरं कपाट. म्हणाले, "बाबा, तुमच्याकडं भोक तयारच आहे, निम्मा खर्च वाचला."

तर हे आपल्याकडं होईल का? घर तापवायला नको, पण आम्हा चौघांच्या आंघोळीचं पाणी आणि उन्हाळ्यात थोडा गारवा? आमचे इंजिनिअर "सोलर बसवा की सर" एवढंच म्हणतात. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे आकडे दिलेत तरी चालतील.

फुलेवाडीचं_पोरगं

सर, बोअर कशाला, सरळ रंकाळ्यात पाइप सोडा. नाद खुळा काम होईल 😀

उद्यमनगरचा_मिस्त्री

पोरा, हसू नकोस. झुरिकच्या टाउन हॉलला १९३८ साली नदीच्या पाण्यावरच हीट पंप बसवला होता. रंकाळ्यात मात्र नको, कॉइलवर आठवड्यात शेवाळ चढेल.

सर, मी फ्रीज-एसीच्या लाइनीतला माणूस. फ्रीजच्या मागची जाळी हाताला गरम लागते ना? आतल्या दुधाभाजीतली उष्णता तिथं बाहेर पडते. हीट पंपवाल्याला ती जाळीच पाहिजे असते. वीज लागते ती कॉम्प्रेसर फिरवायला. म्हणून एक युनिट विजेत तीन-साडेतीन युनिटांची उष्णता पदरात पडते. ती कुठून उचलायची आणि किती अंश वर चढवायची, यावर सगळं बिल ठरतं.

स्वीडनला जानेवारीत हवा उणे दहावर जाते तेव्हाही खोल जमीन सात-आठ अंशांवर असते. तिथं बोअरला पैसे घालण्यात अर्थ आहे. आपल्याकडं खोल जमिनीचं तापमान वर्षाच्या सरासरी हवेच्या आसपास, म्हणजे साधारण २६-२७. म्हणून तर बोअरचं पाणी थंडीत कोमट लागतं आणि मे महिन्यात गार. आता सांगा, जानेवारीत दुपारी दोनला कोल्हापूरची हवा किती? २९-३०. जमिनीपेक्षा वरचढ! मग खाली कशाला उतरायचं?

हवेवर चालणारा हीट पंप मिळतो, तो गच्चीवर बसतो. टायमर दुपारी बारा ते तीन लावायचा आणि टाकी जाड पफ (उष्णता अडवणारा फोम) भरलेली घ्यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गरम मिळतं. लोक काय करतात, पहाटे पाचला चालू करतात. त्या वेळी हवा पंधरा-सोळावर, मग यंत्र जास्त वेळ पळतं आणि बोलणी कंपनीला बसतात. पावसाळ्यातही तो चांगला चालतो, कारण ओल्या हवेतली वाफ कॉइलवर जमून पाणी होते आणि तिचीही उष्णता मिळते. बर्फ साचायची भानगड आपल्याकडं नाहीच.

तुमचा हिशेब असा. चौघांना दोनशे लिटर, २५ वरून ४५ अंश. गिझरला पावणेपाच युनिटं, हीट पंपला दीडच्या आत. दिवसाला सव्वातीन युनिटं वाचली. पण सोलर बसवलात तर आठ महिने पाणी फुकटच मिळणार, म्हणजे हीट पंपाला काम पावसाळ्याचे चार महिने. वर्षाला चारशे युनिटं. त्यासाठी जमिनीत पाइप पुरायचे? लॉज, हॉस्टेल, मंगल कार्यालय असतं तर मीच तुम्हाला हीट पंप घ्या म्हणालो असतो, तोही हवेवरचा. चौघांच्या घराला तुमचे इंजिनिअर म्हणतात तेच बरोबर: सोलर, आणि पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल.

खरी उष्णता वाया जाते ती भलतीकडंच. करवीर तालुक्यात एका दूध संस्थेचा बल्क कूलर मी बघतो. हजार लिटर दूध ३५ वरून ४ अंशांवर आणायचं म्हणजे ३६ युनिटांएवढी उष्णता काढायची. ती पंख्यानं अंगणात फेकत होते आणि त्याच भिंतीपलीकडं कॅन धुवायला बंबात लाकडं जाळत होते! कॉम्प्रेसरमधून निघणारी गरम गॅसची लाइन आधी पाण्याच्या टाकीतून फिरवली, मग कंडेन्सरला, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, नेली. पहिल्या दिवशी शिपायानं सवयीनं नळाखाली हात घातला आणि अशी शिवी हासडली की दूध घालायला आलेली म्हातारी हसत सुटली. आता लाकडं सणावारालाच.

शाहूपुरी_ते_स्वीडन

मी गोथेनबर्गलाच आहे, म्हणून थोडी भर. इथं सत्तरच्या दशकात तेल महागलं तेव्हापासून लोक याकडं वळले, आता देशात असे पाच लाखांहून जास्त पंप आहेत. पण घरं त्यासाठी बांधलेली असतात: जाड भिंती, तिहेरी काचा आणि फरशीखालून ३५ अंशांचं पाणी. सर, तुमच्या जावयांनी एक सांगायचं राहिलं. इथल्या बोअर तीनशे फुटांच्या नसतात, दीडशे-दोनशे मीटरच्या असतात, आणि जवळजवळ वरपर्यंत पाण्यानं भरलेल्या. ते पाणीच खडकातली उष्णता पाइपापर्यंत पोचवतं.

कळंबेकर_सर

म्हणजे आमच्या कोरड्या भोकात पाइप सोडला तर मधे नुसती हवाच. लक्षात आलं. आणि उन्हाळ्याचं काय? तेव्हा तर बाहेर ३८ आणि खाली २७.

उद्यमनगरचा_मिस्त्री

उन्हाळ्यात जमिनीचं पारडं जड, यात वाद नाही. एसीनं उष्णता ३८ च्या हवेत टाकण्यापेक्षा २७ च्या खडकात टाकणं सोपं. पण कोरड्या बोअरमध्ये पाइप आणि खडक यांच्यामधली जागा बेंटोनाइट (पाण्यात फुगणारी चिकणमाती) आणि वाळूचा गारा खालून वर पंपानं भरून बुजवावी लागते, बादलीनं वरून ओतून चालत नाही, मधे पोकळी राहते. एवढं करून तुमच्या नव्वद मीटरमधून अडीच-तीन किलोवॅट निघतील, म्हणजे एका बेडरूमचा एसी. आणि तो लावणार किती? एप्रिल-मे. वळवाचे दोन पाऊस झाले की खिडक्या उघड्या. शिवाय गारा भरला की ती बोअर पाण्याला कायमची गेली. त्यापेक्षा गच्चीला पांढरा रंग मारा आणि पश्चिमेच्या भिंतीला सावली करा.

कागलचा_शेतकरी

सर, बोअर बुजवू नका. पावसाचं पाणी आत सोडा. हजार चौरस फूट स्लॅब आणि हजार मिलिमीटर पाऊस धरला तर सत्तर-पंच्याहत्तर हजार लिटर सहज होतं. पण आधी खडक पाणी पितो का बघा. एक टँकर ओता, दोरीला वजन बांधून पातळी मोजा, दुसऱ्या दिवशी परत मोजा. पाणी उतरलं तर काम झालं. हललंच नाही तर तो अखंड काळा पाषाण, पाइप टाकून उपयोग नाही. आणि पहिल्या पावसाचं पाणी बाहेर काढायचा व्हॉल्व्ह ठेवा, नाहीतर गच्चीवरची सगळी घाण खाली जाईल.

कळंबेकर_सर

टँकर परवा सांगितलाय. मिस्त्री, स्लॅबच्या आधी सोलरच्या टाकीसाठी पाइप कुठून आणायचे ते बघायला एकदा साइटवर येता का? चहा आमच्याकडं.

उद्यमनगरचा_मिस्त्री

रविवारी येतो. तोवर गवंड्याला सांगा, गरम पाण्याची लाइन भिंतीत गाडण्याआधी तिच्यावर इन्सुलेशन चढवायचं. टाकीपासून बाथरूम लांब असेल तर नळाला गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार वाहून जाते.