लक्सॉरला दोघी बहिणी: सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ऋतुजा (सी-३०२): नमस्कार सगळ्यांना. जानेवारीत मी आणि माझी धाकटी बहीण इजिप्तला निघालोय. कैरो टूरबरोबर आहे, लक्सॉर मात्र आमचं आम्ही करायचं ठरवलंय. घरून विरोध आहे. दोघीच बायका, परका देश वगैरे. आपल्यात कुणी जाऊन आलंय का? जे असेल ते स्पष्ट सांगा.

जोशीकाका (ए-१०४): ऋतुजा, घरच्यांचं अगदीच चूक नाही. १९९७ साली त्याच लक्सॉरला, हॅटशेपसुट राणीच्या देवळात अतिरेक्यांनी ६२ माणसं मारली होती. त्यात बहुतेक परदेशी पर्यटक. टूरबरोबर गेलीस तर आम्हालाही घोर राहणार नाही.

माधवीताई (बी-५०१): काका, ते खरंच आहे. त्यानंतर तिथला बंदोबस्त मात्र पार बदलला. प्रत्येक देवळाच्या दारात सामान मशिनमधून जातं, पर्यटन पोलीस वेगळे असतात, त्यांचा नंबर १२६. ऋतुजा, तो फोनमध्ये आत्ताच टाकून ठेव. मी लक्सॉरला एकटी राहून आलेय, म्हणून सांगते. तिथे बाईला जिवाची भीती वाटत नाही, डोक्याला ताप होतो. नदीकाठच्या रस्त्यावर पाऊल टाकलं की बोटवाला, टांगेवाला, टॅक्सीवाला, स्कार्फ विकणारा, सगळे मागे. 'कुठून आलात?', 'इंडिया? अमिताभ बच्चन!' इथून सुरुवात होते. पहिल्या दिवशी गंमत वाटते, दुसऱ्या दिवशी रडू येतं. हे आधी माहीत असलं की निम्मा ताप तिथेच संपतो.

ऋतुजा (सी-३०२): मग करायचं काय? उत्तरच द्यायचं नाही?

माधवीताई (बी-५०१): एकदाच 'ला, शुक्रन' म्हणायचं, म्हणजे नको, धन्यवाद. आणि चालत राहायचं. थांबायचं नाही, हसायचं नाही, कारण द्यायचं नाही. आपल्याला वाईट वाटतं, समोरच्याला तोडून कसं बोलायचं, म्हणून आपण 'नंतर बघू' म्हणतो. 'नंतर' म्हटलं की तो संध्याकाळी हॉटेलच्या दारात हजर. काळा गॉगल कामाला येतो. आणि कुणी जास्तच जवळ आलं, हात लावला, तर सरळ मोठ्याने ओरडायचं. आजूबाजूची माणसं, विशेषतः वयस्क माणसं, लगेच मध्ये पडतात. बाईला त्रास देणं तिथेही लाजिरवाणंच समजतात.

शबाना (बी-१०२): माधवीताईंचं बरोबर आहे. कपड्यांचं मी सांगते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, सैल सुती कुर्ता आणि सलवार सगळ्यात उत्तम, नवीन काही घ्यायलाच नको. डोक्यावरून घ्यायला ओढणी जवळ ठेव, मशिदीत लागते, उन्हातही लागते. शुक्रवारी दुपारच्या नमाजाच्या वेळी बरंच बंद असतं, तेव्हा ती दुपार आरामाला ठेव. आणि तारखा नक्की करताना रमजान बघ. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, आता थंडीच्या महिन्यांत यायला लागलाय. रमजानमध्ये देवळं आणि म्युझियम लवकर बंद होतात. पण सूर्यास्तानंतर रस्त्यावर जी रौनक असते, ती बघायची असेल तर मुद्दाम त्याच वेळी जा. तेव्हा बायका-मुलं रात्री उशिरापर्यंत बाहेर असतात.

नलिनीकाकू (ए-२०३): अगं खायचं काय? आम्ही शाकाहारी लोक आणि बाथरूमचं काय? मला तर प्रवासात पहिली चिंता तीच.

माधवीताई (बी-५०१): काकू, दोन्ही बाबतीत तो देश आपल्यासारखाच आहे. बहुतेक संडासात पाण्याचा फवारा असतो. देवळांजवळच्या बाथरूमबाहेर एक बाई कागद घेऊन बसलेली असते, तिला सुट्टे द्यायचे. सुट्टे म्हणजे तिथे जीव की प्राण! बँकेतून पैसे काढले की मोठी नोट हॉटेलात मोडून घ्यायची. तिकिटांना मात्र मोठ्या ठिकाणी कार्डच लागतं, रोख घेत नाहीत.
खाण्याचं म्हणाल तर फूल म्हणजे वाटाण्यापेक्षा मोठ्या बाकल्याच्या दाण्यांची उसळ, आणि त्याच बाकल्याचे तामिया नावाचे वडे. सकाळच्या नाश्त्याला गरम पावाबरोबर छान लागतात. कोशरी म्हणजे भात, मसूर, मॅकरोनी, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट-तिखट चटणी. कुठे शंका आली तर 'सियामी' विचारायचं. तिथले ख्रिश्चन लोक वर्षातले बरेच दिवस उपास करतात, त्या उपासाचं जेवण सियामी, त्यात मांस, अंडं, दूध काहीच नसतं. आणि लाल अंबाडीच्या फुलांचं करकदे थंड प्यावं. पाणी सीलबंद बाटलीचंच.

सचिव (ए-३०१): चर्चा चालू द्या, फक्त उद्या ११ ते १ टाकी धुणार आहेत तो मेसेज वर गेलाय, लक्षात असू द्या.

ऋतुजा (सी-३०२): ताई, राहायचं पूर्वेला की पश्चिमेला? नेटवर दोन्ही मतं आहेत.

माधवीताई (बी-५०१): माझं मत पश्चिमेला. स्टेशन, कर्नाकचं मोठं देऊळ, लक्सॉर देऊळ, म्युझियम हे सगळं नाईलच्या पूर्वेला, गजबज तिकडेच. पश्चिमेला शेतं, ऊस, गाढवं, घरगुती लॉज. रात्री झोप लागते आणि सकाळी सहाला राजांच्या दरीत, म्हणजे जुन्या राजांच्या कबरी आहेत तिथे, पोचता येतं. टूरच्या बस येईपर्यंत कबरी जवळजवळ रिकाम्या मिळतात. नदी ओलांडायला लक्सॉर देवळासमोर सरकारी फेरी आहे, गावातले लोक ज्याने जातात तीच. भाडं अगदी किरकोळ. धक्क्यावर 'फेरी बंद आहे, माझ्या बोटीतून चला' असं दोघे-तिघे सांगतील. फेरी चालूच असते, सरळ आत चढायचं. फेरीत कॉलेजच्या मुली, बाजार करून निघालेल्या बायका असतात. मी कायम त्यांच्या शेजारी बसले, पुरुषांच्या गर्दीत नाही. एका मावशींनी पिशवीतला संत्रा सोलून हातात ठेवला होता. बोलायला भाषा नव्हती, तरी मुलं किती, नवरा कुठे, सगळं विचारून झालं.

नलिनीकाकू (ए-२०३): नवरा कुठे विचारलं तर काय सांगायचं?

माधवीताई (बी-५०१): टॅक्सीवाल्याने विचारलं तर 'हॉटेलात आहेत, वाट बघतायत'. मी तेच सांगायचे.

ऋतुजा (सी-३०२): खोटं बोलायला मला कसंतरी वाटतं ताई. माझं लग्न झालेलं नाही, त्यात लपवायचं काय आहे?

माधवीताई (बी-५०१): बायकांना खुशाल खरं सांग. अनोळखी पुरुषाला खासगी माहिती द्यायची नाही, एवढंच. हॉटेलचं नावही सांगायचं नाही, जवळच्या चौकाचं सांगायचं. टॅक्सीत मागच्या सीटवर. गाडी अर्ध्या दिवसासाठी लॉजवाल्याकडून ठरवायची, आकडा कागदावर लिहून घ्यायचा, आणि आधीच सांगायचं की वाटेत अलाबास्टर दगडाच्या वस्तूंच्या दुकानात नेऊ नका. तिथे त्यांना कमिशन असतं. टांग्यात माझ्याने बसवलं नाही, घोड्यांचे हाल बघवत नाहीत.

जोशीकाका (ए-१०४): आणि ते बलूनचं? मुलीने व्हिडिओ पाठवला होता, आकाशातून सगळं दिसतं. पण २०१३ मध्ये तिथेच बलून पेटून १९ जण गेले हेही वाचलंय.

माधवीताई (बी-५०१): हो काका, खरं आहे. नंतर नियम कडक झाले, वारा असेल तर उड्डाण रद्द करतात. मी गेले नाही. ऋतुजा, जायचंच असेल तर सगळ्यात स्वस्त सौदा घेऊ नकोस आणि पहाटेला स्वेटर घाल. जानेवारीत दुपारी पंचवीसच्या आत असतं, पहाटे मात्र पाच-सहापर्यंत उतरतं. पण मला विचारशील तर ते पैसे कबरींच्या जादा तिकिटात घाल. राजांच्या दरीच्या साध्या तिकिटात तीन कबरी येतात, तुतनखामन आणि सेती पहिला या राजांच्या कबरींना वेगळं तिकीट. तुतनखामनची कबर आतून लहानशी आहे, पण तो स्वतः, म्हणजे त्याची ममी, अजून तिथेच झोपलाय. १९२२ मध्ये सापडल्यापासून त्याचा खजिना तेवढा कैरोला गेला. उघडी असेल तर चौदा नंबरची बघच. ती तौसर्त राणीची. ती शेवटी फॅरो, म्हणजे तिथला राजा, म्हणून गादीवर बसली होती. तिच्यानंतरच्या राजाने कबर बळकावली आणि भिंतीवरच्या तिच्या आकृत्या झाकून स्वतःच्या केल्या.
कबरीतले रखवालदार 'इकडे या, खास दाखवतो' म्हणून आतल्या कोपऱ्यात बोलावतात. त्यांना बक्षीस हवं असतं. तरी एकटं असताना मागच्या खोलीत जायचं नाही, दुसरी माणसं आत असतील तेव्हाच आत.

मुग्धा (सी-१०१): मला एक कळत नाही, सगळे राजांचंच दाखवतात. बाईने तिथे जाऊन बाईचं असं काय बघायचं?

माधवीताई (बी-५०१): मुग्धा, त्यासाठीच जायचं! मोठा मेसेज होतोय, माफ करा.
देर अल बहरीला डोंगराच्या कड्याला टेकून तीन मजली गच्च्यांचं देऊळ आहे, ते हॅटशेपसुटचं. इसवी सनापूर्वी पंधराव्या शतकात वीस-एक वर्षं तिने राज्य केलं, फॅरो म्हणून, खोटी दाढी लावलेल्या पुतळ्यांसकट. मधल्या गच्चीवर डाव्या हाताला पुंट नावाच्या दूरच्या देशाला काढलेल्या मोहिमेची चित्रं आहेत. जहाजात मुळांसकट चढवलेली धुपाची झाडं, पाण्यावर बांधलेली घरं, पुंटची जाडजूड राणी. लोक वरच्या गच्चीवर फोटो काढून उतरतात आणि हे बघतच नाहीत. तिच्या मृत्यूनंतर काही वर्षांनी तिचा सावत्र मुलगा आणि पुढचा राजा तिसरा थुतमोस याने तिची नावं, चेहरे छिन्नीने खरवडून टाकले. त्या देवळात रिकाम्या बाह्यरेखा दिसतात, तिथे ती होती.
मग कर्नाकला जा. १३४ खांबांचं दालन ओलांडलं की तिचा ओबेलिस्क, म्हणजे टोकदार चौकोनी दगडी खांब, उभा आहे, जवळजवळ तीस मीटर, अखंड दगड. थुतमोसने त्याच्या खालच्या भागाभोवती भिंत बांधून तो लपवला, म्हणूनच तो भाग झिजला नाही. त्याच्या पायथ्याच्या लेखात तिने लिहवून घेतलंय की माझं मन इकडून तिकडे हेलकावतंय, पुढच्या काळी हे बघणारे लोक काय म्हणतील. एवढी मोठी राणी आणि तिलाही तीच काळजी. मी तिथे बराच वेळ उभी होते.

मुग्धा (सी-१०१): बाप रे. अंगावर काटा आला.

माधवीताई (बी-५०१): आणि देर अल मदिना चुकवू नकोस. राजांच्या कबरी खोदणाऱ्या, रंगवणाऱ्या कारागिरांचं गाव. तिसऱ्या रामसेस राजाच्या काळात धान्याचा पगार थकला म्हणून इथल्या लोकांनी काम बंद केलं होतं, लिहून ठेवलेला जगातला पहिला संप तोच मानतात. त्याच गावात नौनख्ते नावाची बाई होती. तिला आठ मुलं. म्हातारपणी ज्यांनी तिच्याकडे बघितलं नाही त्यांना तिने आपल्या वाट्यातून काढून टाकलं. साधारण इ.स.पूर्व ११४५ मध्ये, साक्षीदारांसमोर. तिचं मृत्युपत्र आजही आहे. तिथल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवता येत होती, ती कुणाला द्यायची हे ठरवता येत होतं, घटस्फोट घेता येत होता.

नलिनीकाकू (ए-२०३): हिच्याबद्दल मला आणखी पाठव गं. माझ्या भिशीत वाचून दाखवते.

शबाना (बी-१०२): लक्सॉर देवळाच्या आत एक मशीद पण आहे ना? अबू हग्गागची?

माधवीताई (बी-५०१): हो, देवळाच्या आतच! देऊळ वाळूत, मातीत बुडालेलं असताना त्या वरच्या पातळीवर बांधलेली, त्यामुळे खोदकाम झाल्यावर तिचं जुनं दार भिंतीत उंचावर अधांतरी राहिलंय. अजून तिथे नमाज होतो. फॅरोचं देऊळ, मग चर्च, मग मशीद, हजारो वर्षं प्रार्थनेची जागा तीच. हे देऊळ दिवे लागल्यावर बघायचं, रात्री उघडं असतं, कुटुंबं फिरत असतात, दोघी बायकांना निर्धास्त वाटतं. दारात एकच ओबेलिस्क दिसेल, त्याचा जोडीदार १८३६ पासून पॅरिसच्या चौकात उभा आहे.

जोशीकाका (ए-१०४): तो पॅरिसचा मी पाहिलाय. त्याच्या जोडीचा हा, हे आज कळलं. ऋतुजा, आता माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण रोज रात्री ग्रुपवर 'पोचलो' एवढं टाकत जा.

ऋतुजा (सी-३०२): नक्की काका. ताई, मी आत्ताच कार्यक्रम बदलला. बलून काढला, देर अल मदिनाला पूर्ण सकाळ ठेवली. नेफरतारी राणीची कबर पण घेऊ का? तिकीट फारच महाग दिसतंय.

माधवीताई (बी-५०१): उघडी असेल तर घे. रंग कालच दिल्यासारखे आहेत. पण ती मधूनमधून बंद ठेवतात, आदल्या दिवशी लॉजवाल्याला चौकशी करायला सांग. बंद निघाली तर देर अल मदिनातली सेन्नेजेम नावाच्या कारागिराची कबर आहेच, त्यात नवरा-बायको दोघं मिळून शेत नांगरताना, कापणी करताना दाखवलेत. उतरायला जिना अरुंद आणि उभा आहे, पाठीवरची बॅग वर बहिणीकडे ठेव, एकेकीने उतरा.

ऋतुजा (सी-३०२): तुमच्या लॉजचा आणि गाडीवाल्याचा नंबर पर्सनलवर पाठवाल का?

माधवीताई (बी-५०१): पाठवते. आईला माझ्याशी बोलायचं असेल तर संध्याकाळी सातनंतर घरी घेऊन ये, मी आहे.